न छापलेलं निळं पोस्टर

निवडणूक जाहीर झाली की सगळ्यात आधी घाई कुणाला सुटते? उमेदवाराला? छे! छापखान्याला. तारीख लागली की आमचे मालक हेर ब्योमे कागदाच्या गठ्ठ्यांवरून हात फिरवतात आणि एकच शब्द बोलतात, "नू." जर्मनीतल्या या सॅक्सनी प्रांतातला माणूस 'हो' म्हणायला 'या' म्हणत नाही, 'नू' म्हणतो. त्या 'नू'चा अर्थ असा, की उद्यापासून जेवणाची सुट्टी विसरा, शनिवार विसरा, आणि गायकवाड, तुमची चहाची किटली मशीनपासून लांब ठेवा.

मी गायकवाड, मूळचा अकोल्याचा. ड्रेस्डेनपासून ट्रेनने पाऊण तासावर आमचं गाव आहे, तिथल्या छोट्याशा छापखान्यात एकतीस वर्षं मशीन चालवतोय. येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. या अंकाचे संपादक म्हणाले, "काका, अनुभव लिहा." म्हटलं, लग्नपत्रिका आणि औषधाच्या चिठ्ठ्या छापणाऱ्याचा कसला आलाय अनुभव! पण निवडणुकांचं आठवलं आणि हात शिवशिवायला लागले.

आमचा धंदा तसा सरळ आहे. तुमचं म्हणणं आम्ही कागदावर उतरवतो. ते शहाणपणाचं की वेडेपणाचं, हे आम्ही बघायचं नसतं. छापण्याआधी गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा, त्याने तो वाचून खाली सही करायची. या सहीला इथे ड्रुकफ्रायगाबे म्हणतात. सही झाली की पुढची चूक गिऱ्हाइकाची, सही नसेल तर आमची.

हे मी ठेच लागून शिकलो. नवा होतो. एका नगरसेवकाने फोनवरून नंबर सांगितला. आता जर्मनमध्ये चोवीस म्हणताना आधी चार येतात, मग वीस. मराठीतही तेच! म्हणजे मला किती सोपं जायला हवं होतं. पण आपली खोड अशी की परका आकडा कानावर पडला की तो डोक्यात इंग्रजीत फिरवायचा. मी चोवीसचे बेचाळीस केले आणि सहीची वाट न बघता पत्रकं छापून मोकळा झालो. गावातला एक दातांचा डॉक्टर पंधरा दिवस रस्त्यावरच्या दिव्यांच्या तक्रारी ऐकत होता. तेव्हापासून नमुन्यावरचा प्रत्येक नंबर मी स्वतः फिरवून बघतो. पलीकडून कोणी "हॅलो" म्हटलं की "काही नाही, छापखान्यातून" म्हणतो आणि ठेवून देतो.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना! महापौरपदाच्या एका उमेदवाराला पोस्टरवर स्वतःबरोबर आपला कुत्रा हवा होता. आखूड पायांचा, लांब कानांचा. तीन वेळा नमुना परत आला, कारण कुत्रा 'उदास दिसतोय' म्हणे. साहेब पडले. पण निवडणुकीनंतर लोक दुकानात येऊन विचारायला लागले, "ते कुत्र्याचं पोस्टर मिळेल का?" हेर ब्योमेंनी साहेबांची परवानगी घेऊन नुसत्या कुत्र्याची पोस्टरं छापली. हातोहात संपली.

तर असे सगळ्या रंगांचे, सगळ्या पक्षांचे चेहरे मी छापले. ते खांबांवर चढताना पाहिले. आणि मला स्वतःला मत नाही! भारतीय पासपोर्ट सोडवला नाही, मग दोष कुणाला द्यायचा? फक्त एक निवडणूक आमची. परदेशी रहिवाशांचं सल्लागार मंडळ, आउसलेंडरबायराट. परदेशी लोकांनी आपल्यातून निवडायचं, आणि त्या मंडळाने शहराला सल्ला द्यायचा. सल्ला शहराने ऐकलाच पाहिजे असं नाही. पण मत तर आहे ना! या उमेदवारांच्या मागे पक्ष नसतो, देणगीदार नसतात, म्हणून आमच्या शहराने चांगली सोय केलेली आहे. उमेदवाराने अर्ज करायचा, त्याच्या पोस्टर-पत्रकांच्या छपाईचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत शहर उचलतं. शिवणकाम करणारी असो की शास्त्रज्ञ, सगळ्यांना सारखं.

गेल्या खेपेला आमची प्रज्ञा उभी राहिली आणि माझ्या अंगात वारं शिरलं!

प्रज्ञा मेश्राम, वर्ध्याची पोरगी. ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कंपनीत डॉक्टरेट केलेली संशोधक, पण राहायला आमच्या गावात, घरभाडं कमी म्हणून. एप्रिलच्या जयंतीला आम्ही आजूबाजूची वीसेक बौद्ध कुटुंबं चर्चचा हॉल भाड्याने घेऊन जमतो. तिथे ती बोलायला उठली. परदेशी लोकांच्या कचेरीत कुणी फोन उचलत नाही, राहण्याच्या परवान्याचं कार्ड वेळेवर मिळालं नाही म्हणून तिच्या मैत्रिणीची नोकरी कशी गेली, हे तिने असं सांगितलं की पोरंटोरं खेळ सोडून ऐकायला लागली. शेवटी म्हणाली, "मी उभी राहते." हॉल दणाणला. माझी बायको वंदना शेजारी बसली होती. तिला म्हटलं, "हिचं पोस्टर मी छापणार. सगळ्यांचे चेहरे खांबावर चढवले, आता आपलं माणूस चढेल."

"अहो, आधी तिला विचारा तरी," वंदना म्हणाली.

विचारतो कसला! आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून पोस्टर तयार केलं. प्रज्ञाचा हसरा फोटो, खाली नाव, आणि मागे निळा. निळा म्हणजे कुठलाही निळा नाही हो, आपला निळा! तीन नमुने काढून फेकले, चौथ्याला जमला. हेर ब्योमेंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "चांगला निळा आहे." एकतीस वर्षांतली पहिली स्तुती. मी घरी येताना ट्राममध्ये गाणं गुणगुणत होतो. शहराच्या मदतीचा अर्जही मीच तिला पाठवला होता, नुसती सही करायची बाकी.

अर्जाची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञा दुकानात आली. हातात एक कागद.

"काका, अर्ज नाही केला मी. मदत नको मला. पोस्टर राहू दे. हे साधं पत्रक छापा, माझ्या खर्चाने, काळ्या शाईत."

कागदावर मोठ्या अक्षरांत पहिलंच वाक्य होतं, 'मी शहराकडून एकही सेंट घेतलेला नाही.'

मी निळ्या पोस्टरचा नमुना काउंटरवर ठेवला. "अगं वेडे, का? हक्काची आहे ती मदत."

"माहितीये. पण काका, शाळेत, कॉलेजात, होस्टेलवर, सगळीकडे एकच ऐकलंय. सरकारचे जावई! मार्क चांगले पडले तरी तेच. नोकरी लागली तरी तेच. इथे मला कुणी ओळखत नाही. इथे तरी कुणी असं म्हणू नये की ही सरकारच्या पैशावर आली."

"मग मी कोण गं? मी सरकारच्याच स्कॉलरशिपवर छपाई शिकलो. बापाकडे वहीला पैसे नव्हते. ती मिळाली नसती तर आज अकोल्याच्या बाजारात हमाली करत असतो. म्हणजे मी लाज वाटण्यासारखं काही केलं?"

"तुमच्याबद्दल नाही म्हणाले मी."

"माझ्याबद्दलच आहे ते, पोरी."

तिने पेन मागितलं. आणलेल्या पत्रकाच्या खाली सही केली. सही झाली की आमचं तोंड बंद. मी मशीनकडे गेलो आणि पत्रकं छापली. खरं सांगतो, इतकं वाईट मला कुत्र्याचा उमेदवार पडल्यावरही वाटलं नव्हतं. थट्टा जाऊ दे. पोटच्या पोरीने आपला हात झटकावा तसं वाटलं. तो निळा चेहरा खांबावर बघायची केवढी आस लागली होती! आणि ज्या गोष्टीचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, ती हिला लपवावीशी वाटत होती.

घरी तणतणत होतो. वंदना म्हणाली, "अहो, तिने जे सोसलं ते तिला माहीत. निर्णय तिचा. आपण तिच्या प्रचाराला जाणार ना? मग चला."

गेलो. आणि काय सांगू, त्या पत्रकाने गावात धमाल उडवली! स्थानिक पेपरात फोटो आला. आठवडी बाजारात बटाटेवाली तिला हाक मारून म्हणाली, "तुम्हीच का त्या, शहराचा पैसा न घेणाऱ्या? शाब्बास!" बाजारात उभं राहून आम्ही पत्रकं वाटत होतो आणि लोक स्वतःहून हात पुढे करत होते. ब्राउनश्वाइग शहरातून प्रज्ञाच्या ओळखीचे चार विद्यार्थी गाडी करून आले, डब्यात वंदनाने दिलेले पोहे, गळ्यात मफलर, तोंडाने अखंड बडबड. माझाही राग विरघळायला लागला. माझं चुकलं असेल, पोरगी हुशार आहे, हिला वारा कळतो, असं मी वंदनाला म्हणालोसुद्धा.

मतदानाला दहा दिवस उरले असताना फ्राऊ लान दुकानात आल्या.

फ्राऊ लान व्हिएतनामच्या. पूर्व जर्मनी होती तेव्हा कापडगिरणीत कामाला आल्या, गिरणी बंद पडली, तेव्हापासून स्टेशनजवळ कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतात. आमच्या गावातल्या निम्म्या पँटी त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. त्याही उभ्या होत्या. मागणी एकच, म्हाताऱ्या परदेशी माणसांना कचेरीत दुभाषी मिळावा. त्यांनी मदतीचा अर्ज केला होता, तो मंजूर झाला होता, त्यांच्या पोस्टरचा नमुना माझ्या टेबलावर सहीची वाट बघत होता.

"हेर गायकवाड, पोस्टर नको," त्या म्हणाल्या. "मदत परत करते. मला पत्र लिहून द्या. माझं जर्मन बोलायचं बरं आहे, लिहायचं नाही."

"का?"

त्यांनी पिशवीतून प्रज्ञाचं पत्रक काढलं. नीट घडी घातलेलं. "बाजारात एका बाईने हे दाखवलं. विचारलं, आणि तुम्ही? तुम्ही आमचे पैसे घेता का? सगळे बघत होते." मग त्यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हाताने लिहिलेलं आपलं पत्रक पुढे केलं. "याच्या पन्नास झेरॉक्स द्या. आणि हेच वाक्य माझ्या नावाखाली घाला. एकही सेंट नाही."

अहो, ते वाक्य माझ्या मशीनवर छापलेलं होतं! सही प्रज्ञाची, पण शाई माझी. इतकी वर्षं कर भरलेली ती बाई, हक्काची गोष्ट घेताना चोरी पकडल्यासारखी उभी होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला थाप मारली. म्हटलं, "संगणक बिघडलाय. पत्र सोमवारी देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेन पकडून थेट प्रज्ञाच्या कंपनीच्या फाटकावर गेलो. ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, हातात सफरचंद. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे?" ती चिडली. "मी कुणाला नाकारायला सांगितलं नव्हतं, काका. मी फक्त माझ्यापुरतं बोलले."

"छापलेलं कधी आपल्यापुरतं राहतं का गं? तुला टोमणा नको होता. तो टोमणा आता बाजारात लान बाईंना बसलाय."

ती फाटकाशेजारच्या बाकावर बसली. सफरचंद हातात तसंच. डोळे भरून आले होते, पण रडली नाही. सफरचंद खिशात टाकलं आणि म्हणाली, "मला त्यांच्याकडे घेऊन चला."

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला आम्ही लान बाईंच्या दुकानात. प्रज्ञाने माफी मागितली आणि मदत परत करू नका म्हणून विनवलं. लान बाई मशीनवर शिवतच होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही नको म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात. मी हो म्हटलं की लोक बघत राहतात." आणि पुढची पँट मशीनखाली सरकवली. आम्ही हात हलवत परत.

शनिवारी दुपारी शहराच्या वाचनालयात सगळ्या उमेदवारांची ओळख होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. हॉल गच्च. लान बाई तिसऱ्या रांगेत, त्या आधीच दोन वाक्यं बोलून बसल्या होत्या. प्रज्ञाचं नाव पुकारलं आणि टाळ्या पडल्या. मी खुर्चीत पुढे सरकलो, कारण तिच्या हातात कागद नव्हता.

तिने स्वच्छ जर्मनमध्ये सुरुवात केली. "माझ्या पत्रकावर लिहिलंय की मी शहराकडून काही घेतलं नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. मी पाचवीपासून इंजिनियर होईपर्यंत माझ्या देशाच्या सरकारच्या पैशावर शिकले. आमच्या समाजाला पिढ्यानपिढ्या शाळेबाहेर ठेवलं होतं, म्हणून ती मदत होती. ती हक्काची होती. तरी लोक टोमणे मारायचे, आणि मला लाज वाटायला लागली. त्या लाजेपोटी मी इथली मदत नाकारली आणि वर तिची जाहिरात केली. ज्यांनी मदत घेतली त्यांनी बरोबर केलं. मी चुकले. ते पत्रक तुमच्याकडे असेल तर फेकून द्या."

टाळ्या नाहीत. खुर्च्या करकरल्या तेवढ्याच. पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. आणि तिसऱ्या रांगेतून बारीक, पण ठाम आवाज आला, "गेनाऊ! अगदी बरोबर! मग मी घेते."

लान बाई उभ्या राहिल्या होत्या! मी तर खुर्चीवर चढायचाच बाकी होतो. दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या, शिट्टी वाजवली. पासष्टीच्या माणसाने जर्मन वाचनालयात शिट्टी वाजवली, विचार करा! वंदना माझा कोट खाली ओढत होती आणि स्वतःही हसत होती.

पण खाली बसलो आणि एक गोष्ट टोचली. प्रज्ञाला शिकवायला निघालो होतो मी. पण मी तरी कधी परक्यांसमोर हे बोललो होतो? घरात बोललो. जयंतीला, आपल्या माणसांत बोललो. आमच्या भागातल्या मराठी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गणपतीपासून वापरलेल्या फर्निचरपर्यंत सगळं त्यावर चालतं. तिथे कुणी "तुमचं शिक्षण कुठलं?" विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगून विषय बदलतो.

सोमवारी सकाळी लान बाईंनी सही केली आणि त्यांची पोस्टरं मशीनवरून उतरली. दुपारी मी शिडीवर, प्रज्ञा शिडी धरून. खांबावर पोस्टर बांधताना ते डोक्याच्या वर हवं, वाहतुकीच्या पाटीला झाकता कामा नये, प्लॅस्टिकच्या पट्ट्या घट्ट आवळलेल्या हव्यात. प्रज्ञा खालून ओरडत होती, "काका, डावीकडे! अजून डावीकडे! बाई वाकड्या दिसतायत!" लान बाई दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मान वर करून बराच वेळ बघत होत्या, आणि मग आत जाऊन आमच्यासाठी चहा घेऊन आल्या.

बाजारात मात्र हवा बदलली. "आधी एक म्हणते, मग दुसरं म्हणते," बटाटेवाली म्हणाली. लोक थांबेनासे झाले. ब्राउनश्वाइगची पोरं हिरमुसली. प्रज्ञा तेवढ्याच जोमाने उभी होती, आता तिच्याजवळ वाटायला कागद नव्हता, म्हणून तोंडाने बोलत होती.

रविवारी मी मत दिलं. संध्याकाळी सहा वाजता मोजणी पाहायला आम्ही नगरपालिकेच्या हॉलमध्ये जमलो. नावं पडद्यावर येत होती. लान बाई निवडून आल्या! काय तो आनंद, त्यांनी वंदनाला मिठी मारली आणि सोडेचनात. मी पडद्याकडे बघत राहिलो. प्रज्ञाचं नाव आलं ते निवडून आलेल्यांच्या रेषेच्या खाली. अगदी थोडक्यात हुकली. माझे डोळे वाहायला लागले, रुमाल सापडेना.

तेवढ्यात फोन वाजला. मराठी ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'प्रज्ञा मॅडमनी ते सगळं कशाला सांगत बसायचं? हातची जागा घालवली. गप्प राहिल्या असत्या तर निवडून आल्या असत्या.' खाली तीन-चार अंगठे.

मी फोन लपवायला गेलो, पण प्रज्ञाने वाचलं होतं. ती म्हणाली, "काका, गप्प राहून निवडून आले असते, तर पाच वर्षं गप्पच बसावं लागलं असतं."

आणि ती लान बाईंचं अभिनंदन करायला निघून गेली.

मी खुर्चीत बसलो. चष्मा पुसला. त्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत, बरेचजण मला नुसते 'छापखान्याचे काका' म्हणून ओळखतात. मी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मीही समाजाला मिळणाऱ्या सरकारी स्कॉलरशिपवरच शिकलो. गायकवाड, अकोला.' दोनदा वाचलं. पाठवून दिलं.

हॉलमध्ये गोंगाट होता. फोनवर मात्र काहीच हालेना. एक मिनिट, दोन मिनिटं. म्हटलं, संपलं, आता उद्यापासून कुणी वापरलेलं कपाटसुद्धा विचारणार नाही. मग फोन थरथरला. माझ्या ओळीखाली एक नवी ओळ आली होती. ती लिहिणारी बाई शेजारच्याच खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर, नजर समोर पडद्याकडे. गेली चौतीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली, इथल्या इस्पितळात नर्स म्हणून राबलेली, आणि या विषयावर एरवी कधी चारचौघांत तोंड न उघडणारी.

'मी पण,' वंदनाने लिहिलं होतं. 'नर्सिंग. नागपूर.'